झऱ्याची हद्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दापोलीहून आमच्या हर्ण्याला येताना वाटेत आसूद लागतं. गाडीरस्ता सोडून नारळी-पोफळीच्या बागांतून खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या पायऱ्या चढून केशवराजाच्या देवळात जायचं. देवळाच्या आवारात दगडी गोमुख आहे आणि त्यातून बारा महिने पाणी पडत असतं. वरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून तिथवर आणलेलं आहे. त्याला मोटार नाही, विजेचं बिल नाही. मे महिन्यात घामाघूम होऊन आलेला माणूस त्या धारेखाली हात धरतो आणि हमखास विचारतो, "हे पाणी येतं तरी कुठून?"

प्रश्न साधा आहे. पण ज्या गावाला त्याचं उत्तर ठाऊक आहे, तेच गाव आपला झरा राखू शकतं. आज त्याविषयीच बोलणार आहे. मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए. पर्यंत, भूगर्भशास्त्राशी संबंध नाही. पण झऱ्याचा हिशेब करायला एक हंडा आणि एक घड्याळ पुरतं, हे मी तुम्हांला पुढे दाखवणार आहे.

आपल्या सड्यांवर जांभा दगड आहे. ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधतो, तोच. हा दगड भोकाभोकांचा, भेगांचा. पावसाचं पाणी त्यातून खाली झिरपतं. जांभ्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी चिकणमातीसारखा मऊ थर असतो आणि त्याखाली काळा कातळ. चिकण थरातून पाणी सहजासहजी खाली उतरत नाही. मग ते त्या थरावरून आडवं सरकत डोंगराच्या कडेला येतं, आणि जिथे जांभा संपून खालचा थर उघडा पडतो तिथे बाहेर पडतं. तोच आपला झरा. म्हणजे मे महिन्यात वाडीवरची बाई जो हंडा भरते, त्यात मागच्या पावसाळ्याचं पाणी असतं. डोंगराने ते आठ-नऊ महिने सांभाळून ठेवलेलं असतं.

दापोली तालुक्यात वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. देशातल्या फार थोड्या भागांच्या नशिबी एवढा पाऊस असतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक वाड्यांना टँकरने पाणी द्यावं लागतं. घाटावरच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. पण जांभ्याचा साठा भराभर भरतो आणि भराभर ओसरतो. पाऊस कितीही पडला तरी डोंगरात मावेल तेवढंच पाणी राहतं, बाकीचं समुद्राला जातं. कोकणात पाऊस मुबलक आहे, साठा मात्र बेताचा आहे. आणि साठा बेताचा असला की प्रश्न उरतो तो उपशाचा.

गेली कित्येक वर्षं आपण 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा ऐकतो. ती चांगलीच आहे. बंधारे घालावेत, चर खणावेत, झाडं लावावीत. पण या घोषणेत तिसरा शब्द हवा होता, तो म्हणजे 'आवरा'. जिरवलेलं पाणी कोण काढतं, किती काढतं आणि कुठून काढतं, हे कुणी विचारत नसेल तर जिरवण्याला अर्थ राहत नाही.

आता एक रांजण डोळ्यांसमोर आणा. रांजणाच्या मध्यावर एक तोटी आहे. पाणी तोटीच्या वर असेपर्यंत तोटीतून धार येते. तो रांजण म्हणजे डोंगर आणि ती तोटी म्हणजे झरा. आता कुणीतरी रांजणाच्या तळापर्यंत नळी घातली आणि पाणी ओढायला सुरुवात केली. काय होईल? रांजण रिकामा होण्याच्या कितीतरी आधी तोटी बंद पडेल. नळीवाल्याला मात्र पाणी मिळतच राहील. बोअरवेल ही तळापर्यंत गेलेली नळी आहे. म्हणून सड्यावर ज्याने बोअर मारली त्याला काही बिघडलंय असं कधीच दिसत नाही. त्याचा नळ चालू असतो. बिघडलेलं दिसतं ते उतारावरच्या वाडीला, आणि त्या वाडीला वरच्या मोटारीचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही.

यात आणखी एक गोष्ट घडते. बोअर खाली कातळापर्यंत नेताना जांभ्यातल्या आणि मातीतल्या भागात केसिंगचा पाइप नीट बसवला नाही, तर वरच्या थरातलं पाणी त्याच भोकातून खाली कातळाच्या भेगांत उतरू शकतं. झऱ्याकडे आडवं जाणारं पाणी मग उभं खाली जातं. अशी बोअर कोरडी निघाली तरी, ती नीट बुजवली नाही तर, झऱ्याचं नुकसान करू शकते.

पूर्वी उपशाला मर्यादा नव्हती का? होती, पण ती कागदावर नव्हती, साधनात होती. हर्णे, मुरूड, आंजर्ले या किनाऱ्यावरच्या बागायती रहाटावर शिंपल्या जात. रहाटाला बैल जोडलेला असे. बैल दमला की रहाट थांबे, आणि रहाट थांबला की रात्रभरात विहीर पुन्हा भरे. घरच्या विहिरीवर दोरी आणि कळशी. माणसाच्या दंडात जेवढी ताकद, तेवढाच उपसा. पाण्यातली मोटार दमत नाही. तिला खोलीचंही भय नाही. बैलाने आणि दोरीने जी मर्यादा आपोआप घातली होती, ती आता माणसांना एकत्र बसून ठरवावी लागणार आहे. तोवर तिच्या जागी काहीच नाही.

झऱ्यावर विसंबून निर्धास्त राहू नये, ही समजही आपल्याकडे जुनी आहे. हर्ण्याच्या समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. असे किल्ले बांधताना आधी पाणी पाहावं, असं अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी सांगितलं आहे. त्यांनी आणखी एक बारकावा नोंदवला आहे. गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. लढाईच्या दिवसांत झरे कमी होतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो, म्हणून टाकी बांधून साठा करावा. आपल्या किनाऱ्यावर आता लढाई नाही, पण गणित तेच आहे. मुरूड, कर्दे, हर्णे इथे पर्यटकांची मोठी गर्दी होते ती एप्रिल-मेच्या सुट्टीत. डोंगराचा रांजण तळाला गेलेला असतो त्याच महिन्यांत घराघरांत पाहुणे आणि खोल्याखोल्यांत शॉवर.

आता मघाशी म्हटलं तो हिशेब. पंधरा लिटरचा हंडा घ्या आणि झऱ्याखाली धरा. समजा, तो तीस सेकंदांत भरला. म्हणजे मिनिटाला ३० लिटर, तासाला १,८०० लिटर आणि दिवसाला ४३,२०० लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर रोज दारात येऊन उभे राहावेत, तेवढं हे पाणी. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं प्रमाण धरलं आहे. त्या मापाने हा एवढासा झरा ७८५ माणसांना पुरतो. तोच हंडा भरायला पुढच्या वर्षी दोन मिनिटं लागू लागली, तर १९६ माणसांपुरतंच पाणी उरतं. डोळ्यांना दोन्ही वेळा 'धार चालू आहे' एवढंच दिसेल. आणि समजा वर सड्यावर तासाला पाच हजार लिटर ओढणारी एक मोटार नऊ तास चालली, तर ४५ हजार लिटर पाणी गेलं. झऱ्याच्या पूर्ण दिवसाहून ते जास्त आहे.

मग कायदा काय म्हणतो? गंमत अशी, की आपल्याकडचा जुना कायदा बोअरवाल्याच्या बाजूचा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी, ते ठरावीक प्रवाहातून वाहत नसेल तर, हवं तेवढं काढण्याचा हक्क मानला. तेव्हा सबमर्सिबल पंप कुणाच्या स्वप्नातही नव्हता. केरळात प्लाचिमाडा गावी शीतपेयाच्या कारखान्याच्या उपशावरून वाद झाला, तेव्हा २००३ साली तिथल्या उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी भूजल ही जनतेची ठेव आहे, असा निर्णय दिला. २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाला ते मान्य झालं नाही. माझ्या जमिनीखालचं पाणी माझं की सगळ्यांचं, हा पेच न्यायालयालाही सोपा गेलेला नाही.

महाराष्ट्राने मात्र दोन पावलं पुढे टाकली. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणायला बंदी आली. त्यानंतर २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम आला. त्याला राष्ट्रपतींची संमती २०१३ साली मिळाली आणि १ जून २०१४ पासून तो लागू झाला. पिण्याच्या उद्भवांचं संरक्षण त्यातही आहे. ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा, खोल विहिरींवर त्यात बंधन आहे. विहिरींची नोंदणी आहे, बोअर मारणाऱ्या यंत्रांच्या मालकांचीही नोंदणी आहे. कायदा वाईट नाही. पण दक्षिणेकडून आलेली बोअरची गाडी एका रात्रीत काम उरकून सकाळी दुसऱ्या गावी जाते, आणि खोली किती गेली हे गाडीवाला आणि मालक या दोघांनाच ठाऊक असतं.

त्यातही झऱ्याची अडचण वेगळी आहे. कायद्याचं कवच मिळतं ते पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक उद्भव म्हणून नोंद असेल तेव्हा. आपल्या वाडीचा झरा कुणी खणलेला नाही, कुणी बांधलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे पाणी भरतात एवढाच त्याचा पुरावा. ज्याची नोंदच नाही, त्याच्यापासून ५०० मीटर मोजणार कोण?

इथे मला माझ्या घरच्या परंपरेतला एक शब्द आठवतो. इस्लामी धर्मशास्त्रात 'हरीम' नावाची कल्पना आहे. हरीम म्हणजे विहिरीभोवतीची किंवा झऱ्याभोवतीची राखीव हद्द. त्या हद्दीत दुसऱ्याने खणायचं नाही. पाणी, गवत आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक एकमेकांचे भागीदार आहेत, या पैगंबरांच्या शिकवणुकीशी हा विचार जुळतो. हनफी परंपरेत साध्या विहिरीचं हरीम ४० हात सांगितलं आहे आणि झऱ्याचं ५०० हात. हात म्हणजे साधारण दीड फूट. झऱ्याला विहिरीच्या बारापटीहून मोठी हद्द! वाळवंटातल्या माणसांना झरा किती नाजूक असतो ते पुरतं ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकात तुर्की साम्राज्याने आपल्या दिवाणी कायद्याची 'मजल्ला' ही संहिता केली, तिच्यातही झऱ्याची हद्द विहिरीपेक्षा कितीतरी मोठी ठेवली आहे.

कोकणातले आम्ही मुसलमान बहुतांशी शाफई. शाफई परंपरा हरीमचा ठरावीक आकडा सांगत नाही. जेवढी जागा लागेल तेवढी हद्द, आणि ती तिथल्या गरजेने व रिवाजाने ठरवायची. मला हे आजच्या काळाला जास्त लागू वाटतं. कारण झऱ्याचं पाणी गोल वर्तुळातून येत नाही. जांभ्याचा उतार जिकडे, तिकडून ते येतं. झऱ्याच्या खाली शंभर मीटरवर मारलेली बोअर कदाचित निरुपद्रवी असेल, आणि वर सड्यावर आठशे मीटरवरची बोअर घातक ठरेल. कधी कधी तर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पडलेला पाऊस अलीकडच्या झऱ्यातून बाहेर येतो. सिक्कीममध्ये २००८ पासून 'धारा विकास' कार्यक्रमात झऱ्यांचं काम झालं, तेव्हा आधी खडकांचे थर आणि त्यांचा कल पाहून झऱ्याला पाणी पुरवणारं क्षेत्र आखलं गेलं. पुण्याच्या 'ॲक्वाडॅम' या संस्थेच्या भूजलतज्ज्ञांचा त्यात वाटा होता. अशी आखणी आपल्याकडेही करता येते. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे.

हरीम हा शब्द परका वाटत असेल तर आपली देवराई आठवा. कोकणात देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हा नेम कुणी सरकारी अधिकाऱ्याने घातलेला नाही. आणि कितीतरी देवरायांच्या पोटात पाण्याचा झरा असतो. ज्यांनी देवराई राखली, त्यांनी झऱ्याचं हरीमच राखलं. फक्त त्या काळी धोका कुऱ्हाडीचा होता, आता तो ड्रिलचा आहे.

किनाऱ्यावरच्या आम्हां लोकांना याची आणखी एक बाजू सोसावी लागते. समुद्राजवळच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. त्याचा साधा नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. उपशाने ती पातळी एक फूट खाली आली, की खारं पाणी खालून चाळीस फूट वर चढू पाहतं. म्हणून किनाऱ्यावरची विहीर आटण्याआधी मचूळ होते. डोंगरातून खाली येणारं गोडं पाणी समुद्राला थोपवून धरतं. वरचा उपसा वाढला की झरा आटतो, आणि तोच उपसा किनाऱ्याच्या विहिरीत मीठ आणतो. सड्यावरचा शेतकरी आणि बंदरावरचा कोळी एकाच रांजणाचे भागीदार आहेत.

आता कुणी म्हणेल, कवी महाशय, तुम्ही बोअर मारणाऱ्याला गुन्हेगार ठरवता. तसं मुळीच नाही. ज्याच्या घरी मुंबईहून चार खोल्यांचे पाहुणे येतात, त्याचं पोट त्यावर आहे. कलमं जगवणाऱ्या बागायतदाराला पहिली दोन-तीन वर्षं पाणी हवंच. आणखी एक आक्षेप याहून वजनदार आहे. नव्या बोअरला बंदी केली की ज्यांनी आधी मारल्या ते सुटतात, आणि उशिरा जागा झालेला गरीब अडकतो. परवानगीची खिडकी उघडली की तिथे ओळखीपाळखीही येतात. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच नियम खणण्यापुरता ठेवून चालणार नाही, तो उपशाला लावला पाहिजे आणि जुन्या-नव्या सगळ्यांना सारखा लावला पाहिजे. ज्याच्याकडे तीन बोअर आहेत, त्याने आधी मोजून दाखवावं.

असं होऊ शकतं का? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ते केलं आहे. तिथे वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या जवळजवळ नवव्या हिश्श्याएवढा. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने बोअरचं पाणी शेतीला न वापरण्याचा नियम केला, जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना आळा घातला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिकं ठरवली. पोलीस बोलवावे लागले नाहीत, कारण नियम ग्रामसभेत सगळ्यांच्या समोर ठरला होता. ४०० मिलिमीटरवाल्यांनी पाणी मोजलं. आपण साडेतीन हजारवाले अजून पावसाच्या भरवशावर बसलो आहोत.

आपल्या ग्रामसभेला काय करता येईल? पहिलं, गावातले सगळे झरे मोजून त्यांची नोंद करावी आणि जिथे लोक पाणी भरतात, त्यांना पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक उद्भव म्हणून मान्यता मागावी. दुसरं, भूजल यंत्रणेच्या माणसाला बोलावून प्रत्येक झऱ्याला पाणी पुरवणारा सडा नकाशावर आखून घ्यावा. त्या हद्दीत नवी बोअर ग्रामसभेला विचारल्याशिवाय नको. चिरेखाण काढतानाही तोच विचार हवा, कारण जांभा गेला तर रांजणच फुटला. तिसरं, त्या हद्दीतल्या जुन्या बोअरना मीटर बसवावा. हंडा भरायला ठरलेल्या सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू लागला, की वरच्या मोटारींचे तास कमी करायचे. आधी पोहण्याचे तलाव आणि हिरवळी थांबतील, मग बागा आणि सगळ्यांत शेवटी घरं. चौथं, ज्यांचा धंदा पाहुण्यांवर आहे त्यांनी छपराचं पाणी साठवावं. शंभर चौरस मीटर छपरावर आपल्याकडे पावसाळ्यात साडेतीन लाख लिटर पाणी पडतं. त्यातला पाचवा हिस्सा जरी टाकीत राखला, तरी सात टँकर पाणी मे महिन्यासाठी घरात राहील.

यातलं काही महागडं नाही. अवघड आहे ते शेजाऱ्याला 'तुझी मोटार थोडी कमी चालव' असं तोंडावर सांगणं, आणि त्याने ते ऐकणं. कायदा मुंबईत होतो, पण झरा कुणाच्या मोटारीने आटला हे वाडीलाच समजतं. म्हणून हद्द आखण्याचं काम शेवटी वाडीलाच करावं लागेल, मोहल्ल्याला आणि कोळीवाड्यालाही. त्या बैठकीला वरच्या सड्यावरचा आणि खालच्या किनाऱ्यावरचा, दोघेही असले पाहिजेत.

एक विनंती करून थांबतो. या रविवारी घरातल्या शाळकरी मुलाला बरोबर घ्या, हंडा आणि घड्याळ घेऊन आपल्या झऱ्यावर जा, किती सेकंदांत भरतो ते पाहा आणि तारीख घालून वहीत लिहा. दर महिन्याला एकदा लिहा. मे महिन्यात ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा. आकडा समोर असला की भांडणही मुद्द्याचं होतं.